गाडीला कंपनीचाच पार्ट की लोकल? एकेक भाग बघून ठरवायची पद्धत

काउंटरवर मोटरसायकलचा पार्ट मागितला की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ओरिजिनल देऊ का लोकल?" भावात दुपटीचा, कधी तिपटीचा फरक असतो. सगळंच ओरिजिनल टाकायचं म्हटलं तर दहा वर्षं जुन्या गाडीला ते परवडत नाही. सगळंच लोकल टाकलं तर गाडी वर्षातून तीनदा मिस्त्रीकडे जाते. म्हणून प्रत्येक भागापुरता एकच प्रश्न विचारावा: हा भाग दगा देईल तेव्हा आपल्यासोबत आणखी काय घेऊन जाईल? फूटरेस्टचं रबर फाटलं तर फक्त रबर जातं. एअर फिल्टर फाटला तर पिस्टन आणि बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी, जातो. ब्रेक शूचं लायनिंग सुटलं तर माणूस जातो.

आधी दुकानात मिळणारा माल ओळखा

"ओरिजिनल" आणि "लोकल" या दोन शब्दांत खरं तर पाच प्रकारचा माल येतो.

पहिला गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. दुसरा, गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाच्या खोक्यात विकलेला. मराठवाड्यातल्या माणसाला हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. बजाजचा वाळूजचा कारखाना 1985 पासून चालू आहे आणि त्याच्या आजूबाजूला पुरवठादारांची मोठी वसाहत उभी राहिली आहे. शॉकअप, क्लच आणि ब्रेक बनवणारी एन्ड्युरन्स आणि लाइट-इलेक्ट्रिकल बनवणारी व्हॅरॉक या दोन्ही कंपन्यांची मुख्यालयं छत्रपती संभाजीनगरात आहेत आणि दोन्ही स्वतःच्या नावानेही दुकानात माल देतात. बहुतेक वेळा पैसे वाचवायची सगळ्यात शहाणी जागा हीच असते.

तिसरा प्रकार नावाजलेल्या स्वतंत्र कंपन्यांचा: रोलोन किंवा डायमंडची चेन, एसकेएफ किंवा एनबीसीचं बेअरिंग, बॉश किंवा एनजीकेचा प्लग. चौथा खरा लोकल: साधं खोकं, बनवणाऱ्याचं अनोळखी नाव किंवा नावच नाही. त्यात फसवणूक असतेच असं नाही, तो स्वस्त असतो इतकंच. पाचवा डुप्लिकेट, म्हणजे मोठ्या कंपनीचं नाव आणि खोकं छापून आत चौथ्या दर्जाचा माल. पैसे पहिल्या प्रकाराचे जातात आणि पार्ट चौथ्याचा मिळतो, त्यामुळे सगळ्यात महाग हाच पडतो.

पायरी 1: दुकानात जाण्याआधी पार्ट नंबर काढा

"स्प्लेंडरचा क्लच वायर द्या" एवढ्याने भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक भाग बदलतात. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचा बीएस-6 नियम आल्यावर बहुतेक गाड्यांचं कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आणि त्यासोबत एअर फिल्टर, वायरिंग आणि सेन्सर बदलले. आरसीवर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं, त्याचा मोबाइलवर फोटो ठेवा. जुन्या भागावर कोरलेला किंवा छापलेला नंबर पुसून वाचा. जुना भाग सोबत नेता आला तर उत्तमच. नवा त्याच्या शेजारी ठेवून भोकं, उंची आणि दात मोजले की निम्मी गफलत तिथेच टळते.

पायरी 2: भाग कोणत्या गटात बसतो ते ठरवा

लोकल चालेल असा गट मोठा आहे: मडगार्ड, साइड पॅनेल, सीट कव्हर, ग्रिप, फूटरेस्ट रबर, साइड स्टँड, लेगगार्ड, इंडिकेटरची काच. इथे ओरिजिनलचा हट्ट धरणं म्हणजे पैसे वाया. अपघाताच्या क्लेममध्येही प्लास्टिक, रबर, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवर साध्या पॉलिसीत 50 टक्के घसारा कापला जातो, तेव्हा महाग प्लास्टिक घेऊनही निम्मा खर्च खिशातूनच जातो. आरसा आणि लिव्हर मात्र अगदी हलका घेऊ नका. स्वस्त लिव्हर गाडी जागेवर पडली तरी काडीसारखी तुटते.

उलट टोकाला असे भाग आहेत जिथे कंपनीच्या खोक्याशिवाय दुसरा विचार करू नये: ऑइल पंप, टायमिंग चेनचा टेन्शनर, व्हॉल्व्ह, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), इंजेक्शनचे सेन्सर, फ्युएल पंप. रेग्युलेटर, ज्याला दुकानात आरआर युनिट म्हणतात, तोही याच यादीतला. हलका रेग्युलेटर व्होल्टेज आवरत नाही. बॅटरी उकळते, बल्ब उडतात आणि बीएस-6 गाडीत ईसीयूपर्यंत झळ जाते. नवा बसवल्यावर इंजिन रेस करून बॅटरीच्या दोन टोकांवर मल्टिमीटर लावा. 14 ते 14.5 व्होल्टच्या आसपास आकडा हवा. 15 च्या वर गेला तर पार्ट तिथल्या तिथे परत करा.

उरलेल्या मधल्या गटात दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रकारचा माल घ्यावा आणि खरा विचार याच गटात करावा लागतो.

एअर फिल्टर. मराठवाड्यात इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू फुफाटा. मुरमाचा पाणंद रस्ता, खडी क्रशर, उसाच्या हंगामात पुढे चाललेला ट्रॅक्टर, त्यात मेमधला 42 अंशांचा कोरडा वारा. लोकल फिल्टरमध्ये कागदाच्या घड्या कमी असतात आणि कडेचं रबर एअर बॉक्सला घट्ट बसत नाही. धूळ कागदातून न जाता कडेने आत शिरते आणि पिस्टन रिंगवर पॉलिश पेपरचं काम करते. काही महिन्यांत गाडी ऑइल खाते, निळसर धूर सोडते आणि बोअर करायची वेळ येते. एवढ्याशा फिल्टरवर वाचवलेले पैसे इंजिन कामात कितीतरी पटींनी जातात. घेताना घड्या मोजा, कडेचं रबर दाबून बघा, मोबाइलचा टॉर्च मागून लावून उजेड कुठून थेट येतो का ते पाहा. बसवल्यावर 500 किमीनंतर फिल्टर काढा आणि एअर बॉक्सच्या इंजिनाकडच्या बाजूला पांढरं फडकं फिरवा. त्यावर धूळ आली तर तो फिल्टर फेकून द्या. ऑइल लावलेला कागदी फिल्टर हवा मारून साफ करायचा नसतो. हवेने कागदावरचं ऑइल आणि बारीक तंतू निघतात आणि फिल्टर फक्त दिसायला स्वच्छ होतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंतराच्या निम्म्यावर बदलणं आपल्या रस्त्यांना धरून आहे.

चेन-स्प्रॉकेट. चेन, पुढचं स्प्रॉकेट आणि मागचं स्प्रॉकेट (दातांची चक्रं) हे तिन्ही भाग एकत्रच बदलावेत. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली की झिजलेले दात तिलाही लवकर ताणतात. लोकल स्प्रॉकेटच्या दातांना नीट हार्डनिंग केलेलं नसतं, म्हणून दात लवकरच आकड्यासारखे एका बाजूला वाकतात. चेन संपली का हे डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. 100 ते 125 सीसीच्या पुष्कळ गाड्यांना 428 नंबरची चेन असते आणि तिच्या दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिमी. चेन ताणून 21 पिना मोजा: पहिल्या पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नवी चेन 254 मिमी भरते. 259 च्या पुढे गेली की बदला.

हिशेब किमतीवर न करता किलोमीटरवर करा. समजा लोकल किट 700 रुपयांना आहे आणि 8,000 किमी चालतं. नावाजलेलं 1,300 ला आहे आणि 20,000 चालतं. मजुरी दोन्हीला 200. पहिलं किलोमीटरला सव्वाअकरा पैसे पडतं, दुसरं साडेसात. रोज दुधाचे कॅन घेऊन 60 किमी जाणाऱ्याचं लोकल किट साडेचार महिन्यांत उतरेल. तीच गाडी फक्त शेत ते घर दिवसाला पाच किमी फिरत असेल तर 8,000 किमीला चार वर्षांहून जास्त लागतील. तिथे महाग किटाचा फायदा कागदावरच राहतो.

ब्रेक शू. लोकल शूमध्ये दोन खोड्या असतात. लायनिंग, म्हणजे शूवर चिकटवलेला घासणारा थर, दगडासारखं कडक असतं, तेव्हा ब्रेक चरचर वाजतो, लागत नाही आणि ड्रमला चऱ्या पाडतो. किंवा चिकटवण नीट नसते, तेव्हा लायनिंग शूवरून सुटून ड्रममध्ये अडकतं आणि चाक जाम होतं. दुकानात लायनिंगच्या कडेने नख फिरवा. कुठे फट किंवा गोंदाचे फुगे दिसले तर तो शू घेऊ नका. ड्रमच्या आत कोरलेला जास्तीत जास्त व्यास वाचा. 130 मिमीच्या ड्रमवर साधारणपणे 131 लिहिलेलं असतं. त्याच्या पुढे झिजलेल्या ड्रमला कितीही भारी शू टाकला तरी ब्रेक लागणार नाही. डिस्कवरही अशीच कमीत कमी जाडी कोरलेली असते. जुनी भुकटी हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.

बेअरिंग. इथे गाडीच्या कंपनीच्या खोक्याचे जास्त पैसे देण्याची गरज नाही, कारण बेअरिंगचे नंबर जगभर एकच असतात. 6301 म्हणजे आतला व्यास 12, बाहेरचा 37 आणि जाडी 12 मिमी, मग बनवणारा कोणीही असो. जुन्यावरचा पूर्ण नंबर, मागची अक्षरंसुद्धा, उतरवून घ्या. आरएस म्हणजे रबर सील. काळ्या मातीच्या चिखलातून जाणाऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी सील असलेलंच हवं. नाव नसलेलं बेअरिंग घेऊ नका.

प्लग. डुप्लिकेटचा सुळसुळाट इथे फार आहे. कोडमधली सगळी अक्षरं आणि आकडे जुळायला हवेत. एनजीकेच्या कोडच्या शेवटी 9 असेल तर गॅप, म्हणजे ठिणगी पडते त्या दोन टोकांमधलं अंतर, 0.9 मिमी. आट्यांवरचं वॉशर बोटांनी सहज निघून आलं तर माल संशयास्पद समजा.

इंजिन ऑइल हा पार्ट नसला तरी डुप्लिकेटचा धोका तोच. डब्यावर जासो एमए किंवा एमए-2 (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं हवं. कारचं ऑइल टाकलं तर क्लच घसरतो. रिकामा डबा गॅरेजवर सोडू नका, खिळ्याने भोक पाडून मगच टाका. त्याच डब्यात पुन्हा भरलेलं ऑइल दुसऱ्याला विकलं जातं.

पायरी 3: काउंटरवर खोकं वाचा

पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, नग, एमआरपी आणि तक्रारीचा संपर्क छापलेला असणं कायद्याने बंधनकारक आहे. यातलं काही नसेल किंवा एमआरपीवर दुसरा स्टिकर असेल तर विचारा. होलोग्राम, स्क्रॅच कोड किंवा क्यूआर असेल तर काउंटरवरच मोबाइलने तपासा. घरी जाऊन तपासण्यात अर्थ नाही. कोड "आधीच तपासलेला" दाखवत असेल तर तो माल नाकारा. छपाईतली चूक, अस्पष्ट अक्षरं, खोक्यावरचा आणि आतल्या भागावरचा वेगळा नंबर, या खुणा पुरेशा आहेत. आणि "ओरिजिनल आहे, पण एमआरपीवर निम्म्याने सूट" असं कोणी म्हणालं तर माल डुप्लिकेट समजूनच पुढे बोला.

बिल जीएसटीचं घ्या आणि त्यावर पार्ट नंबर व बनवणाऱ्याचं नाव लिहून घ्या. नुसतं "ब्रेक शू – 1" लिहिलेल्या चिठ्ठीवर काही परत मिळत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर हे बिल दुप्पट महत्त्वाचं, कारण बाहेरच्या भागामुळे बिघाड झाला असं दाखवून क्लेम नाकारला जाऊ शकतो.

पायरी 4: बसवताना समोर उभे राहा

माल आपण आणला असेल तर मिस्त्रीला राग येतो, कारण त्याचं दुकानातलं कमिशन बुडतं. तेव्हा मजुरी आधीच ठरवा आणि ती नीट द्या. जुना भाग मागून घ्या. चेन लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला आहे का बघा. ते उलटं असेल तर क्लिप निघून पडते. चेनचा ढिलेपणा साधारण 20 ते 30 मिमी, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. क्लच प्लेट बसवण्याआधी इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवायला सांगा, कोरड्या टाकल्या तर पहिल्याच चढाला जळतात.

पायरी 5: पहिल्या 500 किमीत पुन्हा बघा

नवे ब्रेक शू पहिले दोन-तीनशे किमी जोरात दाबू नका, त्यांना ड्रमवर बसायला वेळ लागतो. त्यानंतर ब्रेकचा प्ले, म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंतची मोकळी चाल, पुन्हा जुळवा. नवी चेन सुरुवातीला थोडी ताणतेच, पण दोन समायोजनांनंतरही दर आठवड्याला ढिली पडत असेल तर माल हलका आहे. पावसात चिखल धुऊन चेन वाळवा आणि 90 नंबरचं गिअर ऑइल लावा. ग्रीसवर धूळ चिकटते.

पार्ट डुप्लिकेट निघाला तर खोकं, भाग आणि बिल तिन्ही जपून ठेवा, आधी दुकानदाराकडे जा. त्याने हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते, आणि ज्या कंपनीचं नाव छापलं आहे तिलाही फोटो पाठवा. तपासासाठी भाग मागितला तर खोक्यासकट द्या, मात्र त्याआधी नंबरचा जवळून फोटो काढून ठेवा.