कूपनांसाठी दुसरा पेपर घेणं बंद केलं: माझा अनुभव

पेपरातल्या बक्षीस योजनेची कूपनं चिकटवायच्या तक्त्यावर दर वेळी चार-पाच रकाने रिकामे राहायचे, म्हणून मी रोज दोन पेपर घ्यायचे. कूपनाची झेरॉक्स चालत नाही. म्हापशाच्या बाजारात जुने अंक शोधले, मिळाले नाहीत. जीव मेटाकुटीला आला.

शेवटी योजनेचे नियम नीट वाचले. साठांपैकी पन्नासच कूपनं पुरेशी होती! लगेच दुसरा पेपर बंद केला. मग कूपन त्याच दिवशी कापून मागे पेन्सिलीने तारीख घालू लागले. चुकलेल्या तारखांची चिठ्ठी घेऊन दर शनिवारी शेजारच्या काकींकडे जाते, त्यांची रद्दी जाण्याआधी. शेवटी, सगळी जमल्यावरच चिकटवते, तेही ग्लू स्टिकने. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल्या डिंकाने कागद फुगतो.