फादरांची बदली आणि चेंज रिपोर्ट

धुळे, जळगाव, नंदुरबार हे जिल्हे नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे नाशिकच्या बिशपांच्या कार्यक्षेत्रात आहेत. तरी प्रत्येक कॅथलिक शाळा धर्मप्रांताचीच असते असं नाही. काही धर्मसंघांच्या (फादर किंवा सिस्टरांच्या संस्थांच्या) स्वतंत्र न्यासांच्या असतात. म्हणून आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयातून परिशिष्ट १ चा, म्हणजे न्यासाच्या नोंदीचा उतारा काढा आणि विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ते बघा.

विश्वस्त असलेल्या फादरांची किंवा सिस्टरांची बदली झाली की नुसत्या बदलीच्या पत्रावर भागत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत त्याच कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची माहिती द्यायची. सोबत सभेची नोटीस, ठरावाची नक्कल, जुन्यांचा राजीनामा, नव्यांचं संमतिपत्र.

घोळ होतो तारखांचा. बदलीपत्र एप्रिलचं, राजीनामा मेचा, ठराव जुलैचा. मग ९० दिवस कधीपासून मोजायचे? तिन्ही कागद एकाच आठवड्यातले ठेवा. मुदत टळलीच तर विलंबमाफीचा अर्ज जोडा. मागचा रिपोर्ट मंजूर व्हायचा बाकी असेल तर आधी त्याचा पाठपुरावा करा, नाहीतर उताऱ्यावर तीन फादरांमागचं नाव तसंच राहतं आणि बँक सह्या बदलून द्यायला कुरकुरते.

शाळा समितीचं रजिस्टर वेगळं ठेवा. मुख्याध्यापक तिचे पदसिद्ध सचिव असतात.