ड्रॉइंगवरचा लांबलचक जर्मन शब्द कसा फोडायचा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत, आमच्या ओतकामाच्या कारखान्यात, जर्मन गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग आलं की आमची पोरं शब्दाचा फोटो मारून फोनला अर्थ विचारतात. पुढच्या ड्रॉइंगला पुन्हा तेच. त्यापेक्षा शब्द फोडायला शिका. नमुन्याला रोमन लिपीत 18 अक्षरांचा एकच घेऊ: 'बेआर्बाइटुंग्सत्सूगाबे' (Bearbeitungszugabe).

सुरुवात शेवटाकडून करायची. घोडा पुल्लिंगी असला तरी घोडागाडी 'आली'च म्हणतो ना आपण? जर्मनचंही तसंच, मालकी शेवटच्या शब्दाची. इथं शेवटी 'त्सूगाबे', ते स्त्रीलिंगी, म्हणून अख्खा शब्द स्त्रीलिंगी.

त्सूगाबे फोडताना सगळे घसरतात. झेड, यू, जी दिसलं की 'ओढ' या अर्थाचा शब्द वाटतो आणि तिथंच काप मारला जातो. मग उरतं 'आबे', ज्याला काही अर्थ नाही. उरलेला तुकडा निरर्थक निघाला की समजा, काप चुकला. खरे तुकडे 'त्सू' म्हणजे आणखी, आणि 'गाबे' म्हणजे देणं. 'गेबन', देणे, या क्रियापदातून आलेलं. वरती जादा दिलेलं ते त्सूगाबे. नाट्यगृहात आपण 'वन्स मोअर' ओरडतो, तसं तिकडं मैफल संपली की 'त्सूगाबे!' ओरडतात.

मधला एस निव्वळ सांधा. षष्ठीचा प्रत्यय म्हणावा, तर 'उंग'वाले शब्द स्त्रीलिंगी, त्यांना षष्ठीत एस लागतच नाही. तरी समासात पहिल्या जागी आले की हमखास लागतो. अर्थ लावताना सोडून द्या.

राहिलं 'बेआर्बाइटुंग'. पोटात 'आर्बाइट', काम. 'बे' लागला की ते काम एखाद्या वस्तूवर होतं, 'उंग'नं त्याचं नाम बनतं. मध्ययुगीन जर्मनमध्ये आर्बाइटचा अर्थ कष्ट, हाल असा होता. फेटलिंगवाल्यांना, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्यांना विचारा, ते आजही तोच सांगतील.

आता जोडा: वस्तूवर काम करायला जादा दिलेलं. म्हणजे मशिनिंग अलाउन्स, मशीनवर कापून काढायला ओतीव भागावर ठेवलेली जादा जाडी. पॅटर्न शॉपात, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवतात तिथं, आपण 'मशिनिंगला माल सोडलास का?' विचारतो तोच माल.

तुकड्यांची मुळं तपासायला डीडब्ल्यूडीएस ही बर्लिनच्या अकादमीची फुकट साइट आहे. अख्खा शब्द न टाकता एकेक तुकडा टाका.

सरावाला 'श्विंटमास' घ्या. 'श्विंडन' म्हणजे आटणं, 'मास' म्हणजे माप. ग्रे आयर्नला, म्हणजे नेहमीच्या ओतीव लोखंडाला, ते साधारण 1 टक्का धरतात.