सत्राचं वेळापत्रक आणि वस्तीचं वेळापत्रक

नाट्यशास्त्राच्या एम.ए.ला येणाऱ्यांत काही जण असे असतात, ज्यांना नट व्हायचं नसतं. संघटनेत, शाळेत, कलापथकात काम करून ते आलेले असतात आणि लोकांना सोबत घेऊन प्रयोग कसा उभा करायचा हे त्यांना शिकायचं असतं. अशांची पहिली गाठ पडते ती कॅलेंडरशी. अभिनयाचा वर्ग त्या मानाने सोपा जातो.

सत्र पंधरा-सोळा आठवड्यांचं. जुलै ते नोव्हेंबर एक, जानेवारी ते मे दुसरं. ज्यांच्याबरोबर काम करायचं त्यांचं वर्ष या हिशेबाने चालत नाही. बीडकडच्या ऊसतोड कामगारांवर प्रयोग करायचा म्हणता? दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या गाव सोडतात आणि गाळप हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या आगेमागे परततात. म्हणजे गावात माणसं भेटणार ती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात उघड्यावर प्रयोग होत नाही. मग शाळेची खोली किंवा देवळाचा सभामंडप गाठायचा, नाहीतर काम कारखान्याजवळच्या कोप्यांवर, म्हणजे टोळ्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, न्यायचं. कोळीवाड्यात अडचण वेगळी. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. माणसं निवांत सापडतात ती तेव्हा, जाळी विणताना. तुमचे प्रवेश पूर्ण होईतो होड्या समुद्रात गेलेल्या असतात. शहरात घरकाम करणाऱ्या बायांना दुपारी दीड ते चार एवढीच फट मिळते, आणि तुमच्या विभागात नेमका त्याच वेळी आवाजाचा तास असतो.

म्हणून विषय आधी आणि वेळ नंतर, असं करू नका. प्रवेश पक्का झाला की ज्या समूहाबरोबर काम करायचं त्याचं बारा महिन्यांचं वेळापत्रक एका कागदावर मांडा: कामाचे हंगाम, पाणी यायची वेळ, बाजाराचा दिवस, जत्रा, परीक्षा. शेजारी विद्यापीठाचं कॅलेंडर ठेवा. दोन्हीकडे मोकळे असलेले आठवडे सहा-सातच निघतात. प्रयोग तेवढ्यातच बसवायचा असतो.

संस्था निवडतानाही हाच प्रश्न विचारावा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ पासून कालिन्याला. दोन्हीकडे तालीम, नेपथ्य, प्रकाश, आवाज यांची घडण पक्की होते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे. तो करताना आपल्या वस्तीशी संबंध टिकवणं फार अवघड. जेएनयूच्या स्कूल ऑफ आर्ट्स अँड अॅस्थेटिक्समध्ये भर वाचन-लेखनावर. माहितीपत्रकात ‘समाजाभिमुख’ हा शब्द सापडला म्हणून हुरळून जाऊ नये. विभागात जाऊन दोनच गोष्टी विचाराव्यात: परीक्षेचा प्रयोग आवाराबाहेर करता येतो का, आणि बाहेरचे लोक, म्हणजे विद्यार्थी नसलेले, त्यात काम करू शकतात का. दोन्ही उत्तरं ‘बघू’ अशी आली तर ती ‘नाही’ समजावीत.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी. ब्रिटनमध्ये एम.ए. एका वर्षाचं, १८० क्रेडिटचं असतं. एका क्रेडिटला १० तास धरतात. लंडनच्या गोल्डस्मिथ्ससारख्या ठिकाणी आयती संहिता बसवण्यापेक्षा गटाने प्रयोग शून्यातून रचण्यावर भर असतो. तिथे कोणाही सहभागी व्यक्तीला भेटण्याआधी नैतिक मान्यतेचा अर्ज भरावा लागतो, आणि मुलांबरोबर नियमित काम करायचं तर डीबीएस ही पूर्वचारित्र्य तपासणी होते. दोन्हीला आठवडे जातात, म्हणून पहिल्या महिन्यातच कागद हलवा. आणि हे नीट ध्यानात घ्या: विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास नोकरी करता येते, पण स्वतंत्र व्यावसायिक म्हणून किंवा मनोरंजन करणारा कलाकार म्हणून पैसे घेता येत नाहीत. गणपतीत तिथल्या मराठी मंडळाने मानधन देऊन प्रयोग ठेवला, तरी तो नियम मोडतो.

आपल्याकडे प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला साधारण ३० तास मोजतात. चार क्रेडिटचा प्रकल्प म्हणजे १२० तास. त्यांची वाटणी अशी धरून चाला: वस्तीत दहा बैठका, प्रत्येकी दोन तास, हे २०, त्या बैठकांची तयारी आणि नंतरची टिपणं, आणखी २०, सुरुवातीच्या गाठीभेटी १५, तालमी ४०, तांत्रिक जुळणी आणि प्रयोग १०, लेखन १५. प्रवास यात कुठेच नाही. जाऊन-येऊन दोन तासांचं अंतर असेल आणि पंधरा फेऱ्या झाल्या, तर तीस तास फुकट. सोबत रिक्षाभाडं, चहा. वीस जणांचा दहा रुपयांचा चहा दहा बैठकांना दिला तर दोन हजार रुपये होतात, आणि विभागाच्या निर्मिती खर्चात चहाला रकाना नसतो.

आठवड्यांचा हिशेब शेवटाकडून करा. पंधरावा आठवडा तोंडी परीक्षेचा, चौदावा लेखनाचा. तेरावा वस्तीत परत जाण्याचा. बाराव्यात विभागातलं सादरीकरण, अकराव्यात वस्तीतला प्रयोग, आठ ते दहा तालमी. तीन ते सात या पाच आठवड्यांत, आठवड्याला दोन, अशा दहा बैठका. उरले पहिले दोन, ते नुसत्या ओळखीचे. पहिल्या सत्रात गणपती येतात. ते दहा दिवस आणि त्याआधीचा आठवडा तरुण पोरं मंडळाची असतात, तुमची नसतात. पण मांडव, वीज आणि प्रेक्षक तिथे आयते असतात. मंडळाशी आधी बोलणं झालं असेल तर हाच प्रयोगाचा आठवडा ठरतो. दुसऱ्या सत्रात १४ एप्रिलच्या आसपास तसंच.

ओळखीच्या दोन आठवड्यांत कॅमेरा आणि वही दोन्ही बॅगेतच ठेवा. वस्तीतल्या ज्या एका माणसाच्या ओळखीने गेलात, त्याच्याच घरी रोज चहा घेऊ नका. तुम्ही त्याच्या गटाचे ठरता आणि उरलेली अर्धी वस्ती बैठकीला येत नाही. ही चूक हमखास होते आणि पाचव्या-सहाव्या बैठकीपर्यंत कळतही नाही.

बैठक बारा ते सोळा जणांची बरी. नव्वद मिनिटं धरून चाला, कारण दोन तासांतली पहिली तीस मिनिटं माणसं जमण्यात जातात. सुरुवातीला कुणालाही एकट्याने पुढे यायला लावू नका. आधी सगळे मिळून चालणं, थांबणं, वेग बदलणं, मग जोड्या, मग चार-चार जणांनी देहांनी एक चित्र उभं करायचं, न बोलता. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांच्या पद्धतीतलं हे चित्रनाट्य मराठी वस्तीत सहज रुजतं, कारण जिवंत देखावे लोकांनी गणपतीत पाहिलेले असतात. विभागात शिकवलेले ‘व्ह्यूपॉइंट्स’चे, म्हणजे हालचालीतला वेळ आणि अवकाश ओळखायच्या पद्धतीचे, नऊ घटक वस्तीत नावं घेऊन शिकवायला जाऊ नका. ‘हळू’, ‘लांबून’, ‘पुन्हा’ एवढ्या शब्दांत त्यांतले बरेचसे येऊन जातात.

बायकांच्या गटात लहान मुलं येणारच. त्यांच्यासाठी कोपऱ्यात खडू आणि कागद, आणि सांभाळायला एक सहकारी. हे केलं नाही तर आया अर्ध्यावर उठतात, आणि आपण वहीत ‘गटाची एकाग्रता कमी’ असं लिहून मोकळे होतो.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे लोकांनी सांगितलेल्या हकिगती. संमतिपत्रावर सही घेतली की झालं, असं नसतं. संमती तीनदा घ्या: सांगितल्यावर, ती प्रसंगात बसवल्यावर, आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशी. तिसऱ्यांदा ‘नको’ आलं तर प्रसंग गळतो. त्यासाठी पर्यायी पाच मिनिटं तयार ठेवा. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही लागते, आणि मुलाचा होकार वेगळा विचारायचा. नाव बदलून ओळख लपत नाही. ‘चौथ्या गल्लीतली, शिलाई मशीनवाली’ एवढं संवादात आलं की साऱ्या वस्तीला कळतं. व्यवसाय, मुलांची संख्या, गल्ली सगळं बदला, किंवा दोन-तीन हकिगती मिसळून एक करा. मारहाणीची गोष्ट ज्या घरातली, त्या घरातला पुरुष प्रेक्षकांत असू शकतो, आणि प्रयोग संपल्यावर तुम्ही शेवटची बस पकडून निघून जाता. ती बाई तिथेच राहते. शंका असेल तर ती गोष्ट त्या वस्तीत करूच नये. १८१ ही महिलांची आणि १०९८ ही मुलांची मदतवाहिनी, शिवाय जवळच्या समुपदेशन केंद्राचा पत्ता प्रत्येक सहकाऱ्याकडे असू द्या.

फोरम पद्धतीचा (प्रेक्षकाने उठून प्रसंगात शिरायचं आणि तो बदलून पाहायचा, हीही बोआल यांचीच पद्धत) प्रयोग करणार असाल तर मूळ प्रसंग दहा-पंधरा मिनिटांचा आणि हरण्यावर संपणारा हवा. तो आधीच सुटलेला असेल तर प्रेक्षक उठून काय करणार? दोन गोष्टी नेहमी बिघडतात. एक, प्रेक्षक उठतो आणि सावकाराच्या किंवा नवऱ्याच्या जागी उभा राहून त्याला एकदम देवमाणूस करून टाकतो. जोकरने, म्हणजे प्रसंग आणि प्रेक्षक यांच्यामधल्या सूत्रधाराने, तिथे थांबवून विचारायचं, ‘उद्या सकाळी खरंच असं होईल का?’ दुसरं, जोकरच भाषण सुरू करतो. चळवळीतून आलेल्यांना हा मोह फार. पश्चिम बंगालमध्ये जन संस्कृती ही नाट्यसंस्था १९८५ पासून हे काम करते आहे. त्यांची पद्धत समजून घेतली तर कळतं की जोकरचं कसब नुसतं विचारण्यात आहे. आपल्याकडची परंपरा, सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, १९४४ चं लाल बावटा कलापथक, ही सांगण्याची परंपरा आहे. ती कमी प्रतीची नाही, पण तिचं यंत्र वेगळं आहे. एकाच प्रयोगात दोन्ही घालायचं तर कुठे सांगणं थांबतं आणि विचारणं सुरू होतं ती जागा ढोलकीच्या थापेने वेगळी काढा, नाहीतर प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातात.

चौकात प्रयोग असेल तर रिंगण सहा मीटर व्यासाचं पुरतं. पुढच्या दोन रांगा सतरंजीवर बसवा, कारण सगळे उभे राहिले तर तिसऱ्या रांगेपलीकडे जमिनीवरचं काहीच दिसत नाही. बसून, झोपून करायचे प्रसंग कमरेच्या वर उचला: एक बाकडं पुरे. पाठीमागे भिंत मिळाली तर अर्धवर्तुळ करा, आवाज परत येतो. दुपारच्या प्रयोगात सूर्य नटांच्या तोंडावर घ्या, प्रेक्षकांच्या डोळ्यांत नको. पावसाळी हवेत हलगीचं कातडं सैल पडतं. शेकायला विस्तव नसेल तिथे फायबरच्या पानाची हलगी न्या. लांबी पंचवीस मिनिटं. त्यापुढे उभा प्रेक्षक पातळ होत जातो.

परवानग्यांचं म्हणाल तर, थिएटरमधल्या सार्वजनिक प्रयोगासाठी महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. गटाने रचलेल्या प्रयोगाची संहिता शेवटच्या आठवड्यापर्यंत तयार नसते, इथेच गोची होते. तालमींचं ध्वनिमुद्रण करून आठव्या आठवड्यापासूनच लिहून काढायला एकाला बसवा. उघड्या जागेसाठी जागा ज्यांची त्यांची लेखी परवानगी (महापालिकेचं प्रभाग कार्यालय किंवा ग्रामपंचायत), स्थानिक पोलीस ठाण्याला पत्र, आणि ध्वनिक्षेपक असेल तर त्याची परवानगी वेगळी. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक चालत नाही. पत्र विभागाच्या लेटरहेडवर, विभागप्रमुखांच्या सहीने, आणि पोच घेतलेली प्रत प्रयोगाच्या वेळी खिशात.

आता गुण. परीक्षक वस्तीत पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले की प्रयोग बदलतो. लोक साहेबांसाठी बोलू लागतात. म्हणून वस्तीतला प्रयोग आणि विभागातलं सादरीकरण वेगळं ठेवा, आणि तसं प्रस्तावातच लिहा. विभागात वस्तीतल्या लोकांना आणणार असाल तर रोजंदारी बुडते, तिचं काय ते आधी सांगा. पैसे देता येणार नसतील तर तेही आधीच. श्रेयनामावलीत त्यांची नावं ‘सहकार्य’खाली न घालता रचनाकारांत घाला, नाव नको असेल त्याचं वगळून.

प्रक्रियेच्या वहीला बरेच गुण असतात आणि ती शेवटच्या चार दिवसांत लिहिलेली लगेच ओळखू येते: सगळ्या नोंदी सारख्याच लांबीच्या आणि सारख्याच समाधानी. त्या त्या रात्री अर्धं पान पुरतं. किती आले, कोण यायचं थांबलं, काय करून पाहिलं, काय टाकून दिलं आणि का. तोंडी परीक्षेत ‘टाकून दिलं’ यावरच सर्वांत जास्त प्रश्न येतात. दुसरा ठरलेला प्रश्न: हे समाजकार्य झालं, यात कला कुठे? क्लेअर बिशप आणि ग्रँट केस्टर या दोन कलासमीक्षकांत २००६ मध्ये याच मुद्द्यावर वाद झडला होता. तो दोन्ही बाजूंनी वाचून जा, पण उत्तर आपल्या प्रयोगातल्या एखाद्या निर्णयावरून द्या. बाकडं का ठेवलं, शांतता किती सेकंद धरली, तो संवाद कोणाला दिला.

तेराव्या आठवड्यात परत जाताना चित्रफीत घेऊन जा. ती आधी ज्यांच्या हकिगती आहेत त्यांना मोबाइलवर दाखवा, मग बाकीच्यांना. कोणी काढायला सांगितलेला भाग त्यांच्यासमोरच काढा आणि विभागाकडे दिलेल्या प्रतीतूनही काढून घ्या. पेन ड्राइव्हवर एक प्रत अंगणवाडीत किंवा मंडळात ठेवायची की नाही, ते त्यांनाच ठरवू द्या.