खासगी मातीच्या बंधाऱ्याची पावसाळ्यातील देखभाल

मृग नक्षत्र तोंडावर आले आहे. शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या भागांत ज्या शेतकऱ्यांनी ओढ्याला आडवा मातीचा भराव घालून स्वतःच्या रानात पाणी साठवले आहे, त्यांनी पेरणीच्या आणि रोप लावणीच्या गडबडीतून एक दिवस त्या भरावासाठी राखून ठेवावा, अशी आग्रहाची विनंती आहे. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटर उंचीच्या काही ठरावीक धरणांना लागू होतो. चार-पाच मीटर उंचीचा खासगी बंधारा त्यात येत नाही, त्यामुळे त्याची पाहणी मालकालाच करावी लागते. एक एकरावर पसरलेले सरासरी दोन मीटर खोल पाणी म्हणजे सुमारे ८० लाख लिटर पाणी होते, हे या संदर्भात ध्यानात असावे. भुदरगड तालुक्यातील मेघोलीचा तलाव १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री फुटला, तेव्हा ओढ्याकाठची पिके मातीसकट वाहून गेली आणि जीवितहानीही झाली. तो सरकारी तलाव होता आणि आकारानेही मोठा होता, परंतु मातीचा भराव फुटण्याची कारणे खासगी बंधाऱ्यातही तीच असतात.

सर्वांत आधी सांडवा पाहावा. जादा पाणी सांडव्याने निघून गेले तर मातीचा भराव वर्षानुवर्षे टिकतो, पण माथ्यावरून पाणी उलटू लागले की तो काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, कापला जातो. आपल्या भागात सांडवा तुंबण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे उसाचे पाचट. तोडणीनंतर बांधाकडेला ढकललेले पाचट पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याला लागते, सांडव्याच्या तोंडाशी उगवलेल्या घाणेरीच्या झुडपात अडकते, त्यावर गाळ बसतो आणि एका रात्रीत तिथे आडवा बांध तयार होतो. तोंडाशी आणि पुढे पाणी ओढ्याला मिळेपर्यंतच्या वाटेवर एकही झुडूप ठेवू नये. तळ्यात कटला किंवा रोहू सोडलेले शेतकरी मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी बांधतात. नुकसान सोसावे लागले तरी मुसळधार पावसाचा इशारा असताना ती जाळी काढून ठेवावी. चार महिने जास्त पाणी पुरावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती रचण्याची सवय तर सर्वस्वी सोडून द्यावी.

सांडव्याचा उंबरठा आणि भरावाचा सर्वांत खालचा माथा यांत किमान तीन फुटांचे अंतर असावे. ‘सर्वांत खालचा’ हे महत्त्वाचे आहे, कारण नवा भराव बसतो आणि तो मध्यभागी, जिथे उंची जास्त असते तिथे, अधिक बसतो. नुसत्या डोळ्यांना हा खोलगटपणा दिसत नाही. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन दोघांनी माथ्याची पातळी तपासावी आणि खचलेला भाग ओलसर मातीचे अर्ध्या फुटाचे थर धुमसून उंच करून घ्यावा.

उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भरावाला भेगा पडतात. माथ्याच्या लांबीने गेलेली बारीक भेग फारशी काळजीची नसते, मात्र ती रुंदावत असेल किंवा तिची एक कडा खचत असेल तर उतार घसरू लागल्याचे ते लक्षण असते. पाण्याच्या बाजूकडून कोरड्या बाजूकडे आडवी गेलेली भेग मात्र धोक्याची असते, कारण तळे भरल्यावर पाण्याला तीच वाट मिळते. अशी भेग वरून चिखल ओतून बुजवू नये, तर तळापर्यंत चर खणून पुन्हा थराथराने माती भरावी. घुशींची आणि खेकड्यांची बिळेही याच रीतीने उकरून भरावीत. भरावावर वाढलेले मोठे झाड भर पावसात मुळासकट उपटू नये; त्याचे काम तळे कोरडे असताना करावे. हरळीसारखे गवत मात्र राहू द्यावे, कारण त्याची मुळे उताराची माती धरून ठेवतात.

तळे भरल्यानंतर कोरड्या बाजूचा पायथा, आणि विशेषतः मोरीचा, म्हणजे तळ्यातले पाणी भरावाखालून बाहेर सोडण्याच्या वाटेचा, पाइप जिथून बाहेर येतो ती जागा, रोज पाहावी. मातीच्या भरावातून थोडे पाणी पाझरणारच, आणि ते काचेसारखे स्वच्छ व रोज तेवढेच असेल तर घाबरण्याचे कारण नाही. काचेच्या पेल्यात ते पाणी धरून तासभर ठेवावे. तळाशी माती बसली, तर भराव आतून पोखरला जात आहे. अशा वेळी बहुतेक जण बाहेरून चिकणमाती थापून गळती बंद करायला धावतात, आणि हेच करू नये, कारण कोंडलेले पाणी आतल्या आत दुसरी वाट शोधते आणि भराव आणखी कमकुवत होतो. त्या जागी आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि त्यावर दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी येत राहील पण माती अडेल. त्याच वेळी मोरी उघडून तळ्याची पातळी उतरवायला सुरुवात करावी. ही पातळी एकदम नव्हे, सावकाश उतरवावी. पाणी झपाट्याने खाली गेले की भिजलेला आतला उतार आधार सुटून घसरतो. यंदाच बांधलेल्या बंधाऱ्याची मोरी पहिल्या पावसाळ्यात शक्यतो अर्धवट उघडीच ठेवावी आणि तळे टप्प्याटप्प्याने भरू द्यावे.

पुनर्वसू आणि पुष्य नक्षत्रांच्या पावसात, म्हणजे साधारण जुलैभर, दिवसातून दोनदा फेरी मारावी. ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या घरांचे आणि गोठ्यांच्या मालकांचे फोन क्रमांक आताच लिहून घ्यावेत. गढूळ गळती वाढत असेल, पायथा फुगला असेल किंवा पाणी माथ्याला टेकू लागले असेल, तर पोती घेऊन भरावावर चढण्याआधी त्या लोकांना उंचावर जायला सांगावे, पोलीस पाटलांना कळवावे आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या १०७७ या क्रमांकावर किंवा ११२ वर फोन करावा.