मराठी साइट फोनवर सुखाने वाचता यावी म्हणून

साइटचं रूप सुधारायचं मनात आलं की बहुतेक जण आधी नवी थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, शोधायला बसतात. ते राहू द्या. लॅपटॉप मिटून ठेवा आणि ठाणे–वाशी लोकलमध्ये उभ्याने, एका हाताने, फोनवर आपलीच साइट उघडा. तुमचा वाचक तिथेच असतो: दुसऱ्या हाताने दांडी धरलेली, खिडकीतलं ऊन थेट स्क्रीनवर, रेंज आहे-नाही अशी. या अवस्थेत जे वाचवत नाही किंवा सापडत नाही, ते आधी दुरुस्त करायचं. नटवणं मागाहून.

वाचक काय विचारत येतो?

एका परिचितांचं उदाहरण घेतो. राहायला ऐरोलीत, लिहितात ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंवर, फोटो अप्रतिम काढतात. खाडीचा हा पट्टा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय ‘रामसर’ यादीत गेला, त्यामुळे हिवाळा लागला की लांबलांबून लोक माहिती शोधत येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला: जायचं कधी आणि उभं कुठे राहायचं? साइट उघडल्यावर मात्र दिसायचे आपोआप सरकणारे फोटो, त्याखाली मोठ्या अक्षरांत ‘सुस्वागतम’, त्याखाली ‘माझ्याविषयी’. उत्तर कुठेतरी खाली, तिसऱ्या परिच्छेदाच्या पोटात.

आता पानाच्या डोक्यावरच तीन वाक्यं आहेत: ‘डिसेंबर ते मे हा काळ बरा. काठावरून पाहायचं तर ओहोटी लागताना या, गाळ उघडा पडतो आणि पक्षी चरायला उतरतात. बोटफेरी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून, तिची वेळ भरतीप्रमाणे बदलते.’ मग फोटो, मग सविस्तर वर्णन. सरकते फोटो काढून टाकले. ते कोणाला आवडतात, हे मला आजवर कळलेलं नाही. वाचायला घ्यावं तोवर चित्र पुढे गेलेलं असतं.

तुमच्याकडे लोक कोणता प्रश्न घेऊन येतात हे अंदाजाने ठरवू नका. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. कोणते शब्द टाइप करून माणसं तुमच्यापर्यंत पोचली, ते त्यात दिसतं. वरचे दहा-पंधरा शब्दप्रयोग कागदावर उतरवा आणि प्रत्येकाचं उत्तर पहिल्या स्क्रीनवर मिळतं का ते तपासा.

अक्षर

इथे घाई करू नका. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनतात आणि मराठी मजकूर त्यांत नुसता ओतला जातो. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतात. ओळींमध्ये जागा कमी पडली की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. म्हणून लाइन हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट ठेवा. अक्षराचा आकार फोनवर १७-१८ पिक्सेलच्या खाली नको.

लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये सोडलेली जादा जागा, शून्यावर आणा. इंग्रजी शीर्षकं सुटी-सुटी दिसावीत म्हणून थीममध्ये ते बरेचदा वाढवलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द दोरी तुटलेल्या तोरणासारखा विस्कटतो. इटॅलिकही टाळा. देवनागरीत ती परंपरा नाही, ब्राउझर उभं अक्षर नुसतं कलतं करून दाखवतो. जोर द्यायचा असेल तर ठळक करा, तेही बेताने.

फाँट कोणता? मजकुरासाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, शीर्षकांसाठी हवं तर बलू. पुस्तकी वळण आवडत असेल तर तिरो देवनागरी मराठी. सगळे गूगल फाँट्सवर मोफत मिळतात. दोनाहून अधिक घेऊ नका, प्रत्येक फाँट वाचकाच्या डेटावर उतरतो. सेटिंग्जमध्ये साइटची भाषा ‘मराठी’ ठेवायला विसरू नका. नोटोसारखे फाँट भाषा पाहून ल आणि श यांची मराठी वळणं दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचा ल येतो आणि पान परकं वाटतं.

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेलं काही असेल तर ते आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणा. तसंच मजकुराचं चित्र करून लावू नका. सणाच्या शुभेच्छांपुरतं ठीक, पण माहिती चित्रात कोंबली की ती शोधात सापडत नाही आणि कॉपीही होत नाही.

रंगाचं थोडक्यात: पांढऱ्यावर फिकट करडं अक्षर ऐटदार दिसतं, उन्हात मात्र दिसतच नाही. सुलभतेचे आंतरराष्ट्रीय निकष साध्या मजकुरासाठी निदान ४.५ : १ इतका कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, मागतात. मोफत कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये दोन्ही रंगांचे कोड टाकले की आकडा समोर येतो.

फोटोंचं वजन

कॅमेऱ्यातून निघालेला ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो सहज ८-१० एमबी भरतो. साइटवर १६०० पिक्सेल पुष्कळ झाले. स्क्वूश नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. त्यात रुंदी कमी करा, वेबपी हा हलक्या फाइलचा प्रकार निवडा. तोच फोटो बहुधा काहीशे केबीत बसतो आणि फोनवर फरक जाणवत नाही. साइट वर्डप्रेसवर असेल तर ते २०२० पासून खालचे फोटो वाचक तिथे पोचेल तसे उघडतं, त्यासाठी वेगळं प्लगइन (जोड-साधन) लागत नाही.

फोटो चढवताना ‘ऑल्ट टेक्स्ट’च्या रकान्यात त्याचं वर्णनही लिहा. ‘आयएमजी ४४३२’ असं ठेवलं तर टॉकबॅक (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय) लावून ऐकणाऱ्या दृष्टिहीन वाचकाच्या कानावर तेवढंच पडतं. ‘ओहोटीत गाळात चरणारे फ्लेमिंगो, मागे ऐरोली पूल’ एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो?

नंतर पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या मोफत साधनात साइटचा पत्ता टाकून पाहा. पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर गूगल त्याला चांगलं म्हणतं. शंभरपैकी शंभर गुणांच्या नादी लागू नका.

मेन्यू, दुवे, खिडक्या

मेन्यूत चार-पाच नावं पुरे, आणि ती वाचकाच्या भाषेत. ‘संकीर्ण’मध्ये काय आहे हे लिहिणाऱ्यालाही आठवत नसतं. ‘येथे क्लिक करा’ऐवजी ‘भरती-ओहोटीचं वेळापत्रक’ असा दुवा द्या. बटणं अंगठ्याला सापडतील एवढी मोठी, साधारण ४८ पिक्सेल, आणि एकमेकांपासून सुटी ठेवा. पान उघडताक्षणी ‘सबस्क्राइब करा’ म्हणत उडी मारणारी खिडकी बंद करा. अजून एक ओळ वाचलेली नाही, सबस्क्राइब कशाला करायचं?

दुसऱ्याच्या हातात फोन द्या

शेवटी तीन-चार माणसं गाठा. त्यात साठीच्या पुढचं एक जण असू द्या. साइटवर काय कुठे आहे हे सांगू नका, काम सांगा: ‘काकू, शनिवारी बोट किती वाजता सुटते ते यात कसं कळेल बघा ना.’ आणि गप्प बसा. हेच सर्वांत अवघड जातं. ‘अहो, वर आहे ना ते’ हे ओठांवर येतंच. अंगठा कुठे अडला, कुठून मागे फिरला, तेवढं टिपून घ्या. दोघांचा अंगठा एकाच ठिकाणी अडला तर तिथून दुरुस्तीला लागा.

हे सगळं करताना जुन्या पानांचे पत्ते बदलू नका. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांत फिरलेले दुवे वर्षानुवर्षं उघडले जातात. पत्ता बदलणं भागच असेल तर रीडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्यावर पोचेल, आणि एखादा जुना दुवा स्वतः दाबून तो नीट पोचतो का ते पाहा.