प्युपिल कोअरचा कॅमेरा फीड घेताना या चुका टाळा

नजर कुठे वळते ते टिपणाऱ्या, प्युपिल लॅब्जच्या प्युपिल कोअर हेडसेटवर समोरचं दृश्य टिपणारा वर्ल्ड कॅमेरा असतो आणि डोळ्यांवर रोखलेले दोन कॅमेरे. तिन्ही यूएसबीचेच, म्हणून नवखा माणूस थेट ओपनसीव्हीत (चित्रं हाताळणारी कोड लायब्ररी) कॅमेरा क्रमांक ० उघडतो आणि त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो, कारण ० म्हणजे बहुधा लॅपटॉपचा वेबकॅम. विंडोजवर हेडसेटचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, प्युपिल कॅप्चर, लिबयूएसबीके ड्रायव्हर बसवतं. त्यानंतर हेडसेटचे कॅमेरे ओपनसीव्हीला दिसत नाहीत. मग काहीजण ड्रायव्हरच उडवतात. फीड मिळतो, पण कॅप्चरला कॅमेरे मिळेनासे होतात! असले आडमार्ग नकोत. कॅप्चरमध्ये फ्रेम बाहेर पाठवणारं फ्रेम पब्लिशर प्लगइन चालू करा, ५००२० पोर्टवरच्या प्युपिल रिमोट प्लगइनकडून सब पोर्ट (जिथून फ्रेम मिळतात तो) मागून घ्या आणि झीरोएमक्यू या संदेशवहन लायब्ररीने तिथे सब्स्क्राइब करा. सब पोर्टचा आकडा कोडमध्ये ठोकून ठेवू नका, दर वेळी विचारा.

दुसरी चूक जास्त छळते. चाचणीत सगळं छान चालतं. प्रयोग सुरू होतो, आणि थोड्या वेळाने सहभागी व्यक्ती मान वळवते तरी पडद्यावरचं चित्र जागचं हलत नाही. केबल बदलतात, लॅपटॉप बदलतात. दोष असतो रांगेचा. तुमचा कोड सेकंदाला येणाऱ्या ३० पैकी २० फ्रेमच हाताळत असेल, तर उरलेल्या साठत जातात. झीरोएमक्यूची रांग मुळात १००० संदेशांची, म्हणजे ३३ सेकंदांचं शिळं चित्र. १२८० बाय ७२० ची बीजीआर (न दाबलेली, कच्ची) फ्रेम सुमारे २.७६ एमबीची, म्हणजे भरलेली रांग पावणेतीन जीबी रॅम खाते. उतावळे लोक फक्त शेवटचा संदेश ठेवणारा कॉन्फ्लेट पर्याय लावून मोकळे होतात. इथला संदेश बहुभागी असतो आणि तो पर्याय बहुभागी संदेशांना चालत नाही. रांग रिकामी होईपर्यंत न थांबता वाचत राहा आणि शेवटची फ्रेम तेवढी वापरा. जड प्रक्रिया वेगळ्या थ्रेडमध्ये.

सब्स्क्राइब करताना नुसतं 'फ्रेम' लिहिलंत तर तिन्ही कॅमेरे अंगावर येतात. हवा तोच विषय लिहा.

वायफायवरून बीजीआर पाठवू नका. ३० फ्रेमना सेकंदाला ८३ एमबी लागतात. जेपेग निवडा.

उजव्या डोळ्याचं चित्र उलटं दिसतं, कारण तो कॅमेराच उलटा बसवलेला आहे. हेडसेट खोलू नका.

फ्रेमसोबत येणारा टाइमस्टँप म्हणजे घड्याळाची वेळ नव्हे. प्युपिलच्या घड्याळाचा आरंभबिंदू कुठलाही असू शकतो. तुमच्या घड्याळाशी असलेला फरक आधी मोजून घ्या.

मॅकओएस १२ पासून पुढे कॅमेरे दिसत नसतील, तर कॅप्चर टर्मिनलमधून सुडो लावून (म्हणजे अॅडमिनच्या अधिकाराने) सुरू करा.